संडासासमोरचं अंगण

(पहाट. पर्वतीचा उतार, बोळातून जाणाऱ्या बादल्या.)

साडेपाच वाजलेत. पुण्यातली जनता वसाहत ही झोपडपट्टी जागी होतेय. दहा बाय बाराच्या खोलीत चार-पाच माणसं राहतात, तेव्हा निम्मा संसार दाराबाहेरच असतो. भांडी, धुणं, पोरांचा अभ्यास, म्हाताऱ्यांचं बसणं. बोळ मात्र कसेबसे चार फुटांचे. अशा दाट वस्तीत चार माणसं उभी राहतील अशी मोकळी जागा बहुतेकदा एकच उरते, सार्वजनिक संडासासमोरची.

पुण्यात १९९९ मध्ये तत्कालीन महापालिका आयुक्त रत्नाकर गायकवाड यांनी वस्त्यांमधली शौचालयं बांधायला स्वयंसेवी संस्थांना पुढे बोलावलं. महिला मिलन या वस्त्यांमधल्या बायकांच्या संघटनेतल्या बायका आराखड्यापासून कामात होत्या. बायकांचं दार वेगळं. पोरांसाठी वेगळे, लहान संडास. हातात बादली असते म्हणून दोन्हीकडे उघडणारी दारं. राखणीला माणूस राहील अशी खोली. हा विचार दारापाशी थांबायला नको, पुढच्या अंगणातही यायला हवा.

(नळ. हंडा भरतोय.)

पंधरा लिटरचा भरलेला हंडा म्हणजे पंधरा किलो, वर हंड्याचं वजन वेगळं. तो जमिनीवरून उचलताना कंबर धरते. म्हणून नळाखाली फूट-दीड फूट उंच ओटा हवा, आणि शेजारी धुण्यासाठी खालचा दगड. सांडलेलं पाणी जायला नाली हवीच. पण तिची झाकणं एका माणसाला उचलता येतील एवढीच असावीत. सिमेंटनं जाम केलेली नाली पहिल्याच पावसात तुंबते, मग ती फोडावी लागते.

सगळ्यात जास्त चुका होतात जोत्यावर. उतार एकास बारा धरतात, म्हणजे एक इंच उंचीला बारा इंच लांबी. जोतं अठरा इंच असेल तर उतरण अठरा फुटांची होते. तेवढी जागा नसते, मग चार फुटांत घसरगुंडी बांधून मोकळे होतात. चाकाची खुर्ची त्यावर चढत नाही, काठी टेकणारी आजीही नाही. जोतं सहा इंचांवर आणलं की सहा फुटांत काम होतं. मात्र आधी ड्रेनेजच्या चेंबरची पातळी तपासायची. चेंबर वर आणि जोतं खाली राहिलं, तर लाइन तुंबताच मैला आत येतो.

फरशी खडबडीत शहाबादी घालावी. गुळगुळीत टाइल दिसायला छान, पण साबणाच्या पाण्यावर पाय सटकतो. दिवा फक्त दारावर नको. बोळाच्या तोंडाशीही हवा, कारण रात्री बाईला भीती वाटते ती तिथवर येण्याची. झाड असेल तर बुंध्याभोवती चार बाय चार फूट माती उघडी ठेवून पार बांधावा. आणि कुंपण घालून दुपारी कुलूप लावू नये. कचरावेचक बायका काम उरकून सावलीला टेकतात ती दुपारीच.

(गणपतीचा मांडव. बांबू उभे राहतायत.)

मांडव इथेच उभा राहणार, हे धरूनच चाला. नाहीतर दर भाद्रपदात फरशी फुटते. फरशी घालतानाच बांबूच्या जाडीचे, दोन-अडीच फूट खोल पाइप गाडून ठेवा. तळाशी खडी टाका, पाणी साचून डास होऊ नयेत म्हणून. वर झाकण, तेही साखळीनं बांधलेलं. सुटं झाकण हरवतं आणि उघड्या भोकात पोराचा पाय जातो.