मूत्रवाहिनीतल्या लाटा

मूत्रपिंडातली लघवी मूत्राशयात कशी येते, असं विचारलं की बहुतेकजण म्हणतात, वरून खाली, उतारानं. पण आडवं झोपलेल्या माणसाचंही मूत्राशय रात्रभर भरतच असतं. हे काम मूत्रवाहिनी स्वतः करते.

मूत्रवाहिनी म्हणजे 25 ते 30 सेंटीमीटर लांबीची, जेमतेम 3-4 मिलिमीटर रुंदीची स्नायूंची नळी. एरवी ती मिटलेलीच असते. मूत्रपिंडात तयार झालेली लघवी आधी कॅलिक्स नावाच्या छोट्या कप्प्यांत उतरते आणि तिथून पेल्विस या नसराळ्यासारख्या पोकळीत जमते. आकुंचनाची सुरुवात कॅलिक्सच्या भिंतीतल्या खास स्नायुपेशी करतात. त्यासाठी मेंदूचा हुकूम लागत नाही. प्रत्यारोपणात मूत्रपिंडाचे मज्जातंतू तुटतात, तरी त्याच्या वाहिनीत लाटा चालूच राहतात.

लघवीचा लहानसा घोट वाहिनीत शिरतो, त्याच्यामागे भिंत आवळते आणि ती आवळण सेकंदाला 2-3 सेंटीमीटर वेगानं खाली सरकते. मिनिटाला अशा 1 ते 5 लाटा येतात. नळीतला दाब एरवी पाण्याच्या 5 सेंटीमीटर उंचीपेक्षा कमी असतो. लाट येते तेव्हा तो 20 ते 80 पर्यंत चढतो.

इथे एक अट आहे, आणि बरेच आजार तिच्यापाशीच येऊन थांबतात. घोटामागे भिंती एकमेकींना पूर्ण टेकल्या पाहिजेत. नळी फुगली की त्या टेकत नाहीत, आणि आवळली तरी लघवी मागे निसटते. शिवाय भिंतीचा ताण तेवढाच असला, तर रुंद नळीत दाब कमी तयार होतो. म्हणजे फुगलेल्या नळीची ढकलण्याची ताकद दुहेरी घटते. सोनोग्राफीत ‘किडनीला सूज’ म्हणतात ती बहुधा ही साठलेली लघवी असते.

मूतखडा अडकतो तो मुख्यतः तीन ठिकाणी: पेल्विस संपते तिथे, वाहिनी कमरेतल्या मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडते तिथे, आणि मूत्राशयात शिरताना. ही शेवटची जागा सर्वांत अरुंद. 5 मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुतेक वेळा आपोआप पडतात, 10 च्या वरचे क्वचितच. कळा येत असताना तांब्यावर तांब्या पाणी पिऊन खडा लवकर पडतो, असं दिसून आलेलं नाही. वरचा दाब आणि वेदना मात्र वाढू शकतात. पुढे खडे होऊ नयेत म्हणून भरपूर पाणी प्यावं, ती वेगळी गोष्ट. अडकलेल्या खड्याबरोबर थंडी-ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. जंतूंच्या विषानं लाटा आणखी मंदावतात, आणि तुंबलेली लघवी तातडीनं बाहेर काढावीच लागते.

खालच्या टोकाची रचना फार सुंदर आहे. मूत्राशयाच्या भिंतीतून वाहिनी सुमारे दीड-दोन सेंटीमीटर तिरकी जाते. मूत्राशय भरलं की त्याच्याच दाबानं हा तिरका भाग मिटतो आणि लघवी वर चढत नाही. काही मुलांत हा भाग जन्मतः आखूड असतो, म्हणून लघवी वर चढते आणि जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोचू शकतो.

डीजे स्टेंट म्हणजे लघवीची वाट मोकळी राहावी म्हणून वाहिनीत ठेवलेली बारीक पोकळ नळी. ती हा मिटणारा तिरका भाग उघडाच ठेवते. म्हणून स्टेंट असताना लघवी करताना कुशीत कळ येते. लघवी तुंबवून ठेवली तर ही कळ वाढते. स्टेंटमुळे लाटाही मंदावतात. लघवी त्याच्या आतून आणि कडेनं झिरपत उतरते. तो काढायची तारीख घरच्यांनीही लिहून ठेवावी. महिनोन्‌महिने विसरलेल्या स्टेंटवर क्षारांचा थर चढतो, आणि मग तो काढायलाच शस्त्रक्रिया लागते.