पॅच पाठवला, उत्तर नाही. आता काय?

नमस्कार मंडळी! परवा एका मुलीचा मेसेज आला: "दादा, लिनक्स कर्नलला पॅच पाठवून चार दिवस झाले, कुणी काहीच बोलत नाही. नाकारला का?" (कर्नल म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आणि पॅच म्हणजे त्याच्या कोडमध्ये सुचवलेला बदल.)

नाही गं. चार दिवस म्हणजे काहीच नाही. कर्नलच्या नियमावलीतच म्हटलंय की पुन्हा विचारण्याआधी किमान आठवडाभर थांबा. मर्ज विंडो चालू असेल तर आणखी. नवी आवृत्ती निघाली की पुढचे साधारण दोन आठवडे लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स सगळ्या मेंटेनरांनी, म्हणजे कर्नलचा एकेक भाग सांभाळणाऱ्यांनी, जमवलेलं काम आपल्याकडे घेतात. ती मर्ज विंडो. तेव्हा मेंटेनरला मान वर करायला फुरसत नसते. माझा पहिला पॅच मी नेमका त्याच दिवसांत पाठवला होता. महिनाभर शांतता! रोज सकाळी उठून आधी मेल उघडायचो.

पण थांबायचं ते पॅच धड पोचलाय याची खात्री करून. इथे पॅच ईमेलनेच जातो, साध्या मजकुरात. ब्राउझरमधून कॉपी-पेस्ट केलात तर टॅबच्या जागी स्पेस येतात, लांब ओळी मधेच तुटतात, आणि समोरच्याच्या कोडवर तो लागतच नाही. दिसायला मात्र अगदी बरोबर दिसतो! म्हणून गिटची, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाची, 'गिट सेंड-ईमेल' ही कमांड वापरा. आधी स्वतःलाच पाठवा आणि आलेल्या मेलमधला पॅच 'गिट एएम' या कमांडने कोडवर लावून बघा. कुणाला पाठवायचा ते 'गेट मेंटेनर' स्क्रिप्ट सांगते. 'साइन्ड-ऑफ-बाय'ची ओळ विसरू नका. हा कोड देण्याचा मला हक्क आहे, असं तुम्ही त्या ओळीत स्वतःच्या नावानिशी सांगत असता.

आता समजा, उत्तर आलं आणि त्यात पाच चुका काढल्यात. मला विचाराल तर ही आनंदाची गोष्ट आहे, कुणीतरी तुमची ओळन् ओळ वाचलीय. प्रत्येक मुद्द्याच्या खालीच उत्तर लिहा. पटलं नाही तर कारण द्या, पण मुद्दा गाळू नका. आणि तासाभरात घाईने दुसरी आवृत्ती धाडू नका, बाकीच्यांनाही वाचू द्या.

दुसऱ्या आवृत्तीच्या विषयात 'पॅच व्ही2' येतं. कमिट संदेशाखाली, म्हणजे बदलाच्या वर्णनाखाली, तीन आडव्या रेघा असतात, बघा. काय बदललं ते त्या रेघांच्या खाली लिहायचं: "व्ही2: एरर आल्यावर मेमरी मोकळी केली." रिव्ह्यू करणाऱ्याला ते दिसतं, पण गिटच्या इतिहासात जात नाही.

काहीच न बदलता पुन्हा पाठवताय? मग 'रिसेंड' लिहा. एक अक्षर जरी बदललं तरी रिसेंड नाही, नवी आवृत्ती.

माझ्या त्या पॅचला तिसऱ्या आवृत्तीनंतर दोन शब्दांचं उत्तर आलं: "अप्लाइड, थँक्स." मेंटेनरच्या ट्रीमधून (त्याच्याकडच्या कर्नल कोडच्या प्रतीतून) तो लिनक्स-नेक्स्टमध्ये, म्हणजे पुढच्या आवृत्तीसाठीचे बदल एकत्र तपासले जातात तिथे, दिसला, आणि पुढच्या मर्ज विंडोत मुख्य कर्नलमध्ये गेला.