जर्मनीतलं द्विवचन

शाळेत संस्कृत होतं का तुम्हाला? मग 'रामः, रामौ, रामाः' घोकलंच असेल. त्यातलं मधलं 'रामौ' म्हणजे द्विवचन, नेमक्या दोघांसाठीचं. मराठीत ते आलंच नाही, प्राकृतातच गळून पडलं. पण जर्मनीच्या पूर्वेला एक समाज ते आजही रोजच्या बोलण्यात वापरतो. एक घर 'दोम', दोन घरं 'दोमाय', तीन घरं 'दोमी'.

हे सोर्ब लोक. स्वतःला 'सेर्ब्या' म्हणवतात, पण सर्बियातले सर्ब वेगळे हं, घोळ करू नका. सहाव्या शतकाच्या सुमारास स्लाव्ह टोळ्या, म्हणजे चेक-पोलिश लोकांच्या भाऊबंद, इथे आल्या, पुढे जर्मन राजवटी आल्या, आजूबाजूचे बहुतेक स्लाव्ह जर्मन होऊन गेले. लुसाटिया नावाच्या या भागातले हे तेवढे उरले. बाउत्सेनजवळची भाषा चेककडे झुकते, कॉटबुसजवळची पोलिशकडे. दुसरी बोलणारे आता फारच थोडे, तेही बहुतेक म्हातारे.

लोक किती? साधारण साठ हजार म्हणतात. हा अंदाजच, कारण कायदा सांगतो, जो स्वतःला सोर्ब म्हणेल तो सोर्ब. पुरावा मागायचा नाही. मला हे फार आवडलं.

आता खरी गंमत. म्हणजे गंमत कसली! 1912 साली स्थापन झालेली त्यांची 'दोमोविना' ही संस्था नाझींनी 1937 मध्ये बंद पाडली. युद्धानंतर 1948 मध्ये सॅक्सनीत सोर्बांच्या हक्कांचा कायदा झाला. पूर्व जर्मनीत शाळा, वर्तमानपत्र, दोन भाषांतल्या पाट्या, सगळं मिळालं. आणि त्याच सरकारने पाट्यांखालची जमीन खणायला घेतली! खाली लिग्नाइट, म्हणजे तपकिरी कोळसा होता ना. शंभर वर्षांत इथली 130 हून जास्त गावं पूर्ण किंवा थोडीफार खाणीत गेली. एकीकरणानंतरही हे थांबलं नाही. होर्नोचे गावकरी वर्षानुवर्षं भांडले, हरले. त्यांना फोर्स्ट शहराच्या कडेला नवी घरं मिळाली. पण ज्या शेजारणीशी कुंपणावरून सोर्बियनमध्ये बोलायचं, ती दुसरीकडे राहायला गेली की बोलायचं कुणाशी?

हे अंडं बघा, कॅमेऱ्याजवळ धरतो. सोर्बांच्या पद्धतीचं, ईस्टरचं आहे. हंसाच्या पिसाचं टोक त्रिकोणी कापायचं, गरम मेणात बुडवून ठसे उमटवायचे, मग रंगात बुडवायचं. मेणाखालचं पांढरं तसंच राहतं. पुन्हा ठसे, पुन्हा गडद रंग. शेवटी मेणबत्तीच्या ज्योतीशेजारी धरून मेण पुसून काढायचं. मी केलेलं म्हणून ठसे जरा वाकडे आलेत, चालवून घ्या.