तालमीबाहेरची तालीम

सकाळचे सात वाजले आहेत आणि नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाचा वर्ग तालमीच्या दालनात पाठ टेकून पडला आहे. कोणी झोपलेले नाही, निदान तसा दावा आहे. प्रत्येकाचा एक तळहात बरगड्यांच्या कडेला आणि दुसरा पोटावर आहे. श्वास आत घेताना छाती आणि पोट यांच्यामधला श्वासपटल नावाचा स्नायू खाली सरकतो, पोट किंचित वर येते आणि बरगड्या बाजूंना फाकतात. ही हालचाल हाताला स्पष्ट जाणवेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, असा या तासाचा शिरस्ता आहे. खांदे उचलून घेतलेला श्वास लांब वाक्याच्या मध्यावरच संपतो आणि मग नट नाइलाजाने ओरडू लागतो. आवाज पोहोचवणे आणि ओरडणे यांतला फरक शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला तत्काळ कळतो, नटाला मात्र तो कळण्यास बराच काळ जावा लागतो.

यानंतर सिद्धान्ताचा तास. भरतमुनींच्या ‘नाट्यशास्त्र’ या प्राचीन ग्रंथाने सांगितलेले अभिनयाचे चार प्रकार, म्हणजे आंगिक (शरीराचा), वाचिक (वाणीचा), आहार्य (वेशभूषा-रंगभूषेचा) आणि सात्त्विक (भावनेतून शरीरावर उमटणारा), परीक्षेपुरते सर्वांनाच पाठ असतात. घाम फुटणे, कंप सुटणे, रंग उडणे, आवाज बदलणे अशा आठ सात्त्विक भावांची यादीही पाठ असते. या यादीचा अर्थ उलगडू लागतो तो मुखवट्याच्या वर्गात.

फ्रेंच नाट्यशिक्षक झाक लकॉक यांनी १९५६ मध्ये पॅरिसमध्ये नाट्यशाळा सुरू केली आणि तटस्थ मुखवटा तिथल्या शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणला. या मुखवट्यावर हसू नाही, राग नाही, वय नाही. तो चढवून बोलायचेही नाही. या लेखात आपण जिच्या मागोमाग जात आहोत त्या, याच वर्गातल्या विद्यार्थिनीला एवढेच करायचे आहे, की चालत यावे, थांबावे आणि दूरवर काहीतरी दिसल्यावर तिकडे वळावे. ती वळते आणि बाई तिला थांबवतात: “खांदा आधी वळला, नजर नंतर. तुला काही दिसलेच नाही. वळायचे आहे हे तुला आधीपासून ठाऊक होते.” चेहरा झाकला, की प्रेक्षक मान, खांदे आणि पावले वाचू लागतो, आणि एरवी चेहऱ्याच्या आड खपून जाणारी लबाडी तिथे उघडी पडते.

दुपारी संहितेचे काम असते. मॉस्को आर्ट थिएटरची १८९८ मध्ये स्थापना करणाऱ्या दोघांपैकी एक असलेले रशियन नट-दिग्दर्शक स्तानिस्लाव्स्की यांनी नटासमोर ठेवलेला प्रश्न, ‘या परिस्थितीत मी असतो तर काय केले असते?’, आजही या तासाचा पाया आहे. विद्यार्थिनीच्या संहितेत प्रत्येक संवादाच्या समासात पेन्सिलीने एक क्रियापद लिहिलेले दिसते: टाळणे, चुचकारणे, कोंडीत पकडणे. तिथे ‘दुःख’ किंवा ‘राग’ असे लिहिण्यास मनाई आहे, कारण दुःख करून दाखवायला गेले की ते खोटे वाटते. समोरच्याला घराबाहेर पडू न देण्याचा प्रयत्न मात्र खरोखर करता येतो. पेन्सिलच का, तर तालमीत समोरच्या नटाने वेगळे काही केले की क्रियापद खोडावे लागते.

संध्याकाळच्या तालमीतला मोठा वेळ वाट पाहण्यात जातो. त्याबद्दल अधिक सांगण्यासारखे नाही.

अभ्यासक्रम संपतो तिथून पुढचे तास तिच्या स्वतःच्या उद्योगांचे आहेत, आणि आमच्या मते तिच्या शिक्षणाचा अधिक कसदार भाग तोच आहे. वर्गात संहिता, भूमिका आणि जागा दुसऱ्याने ठरवलेली असते. इथे प्रत्येक गोष्ट तिला ठरवावी लागते. वर्गमित्रांच्या एकांकिकेची प्रकाशयोजना तिने हौसेने अंगावर घेतली. अमेरिकन प्रकाशयोजनाकार स्टॅनली मॅककँडलेस यांनी १९३२ मध्ये मांडलेली पद्धत तिने वापरून पाहिली: नटाच्या दोन्ही बाजूंनी, साधारण ४५ अंशांच्या कोनातून दोन दिवे, एक उबदार छटेचा आणि दुसरा थंड, म्हणजे चेहऱ्याला उठाव येतो. कागदावर हे सोपे होते. प्रयोगात नट ठरलेल्या जागेपासून अर्धे पाऊल मागे उभा राहिला आणि त्याचे कपाळ अंधारात गेले. दिव्यांच्या नियंत्रण-फलकापाशी बसून हे पाहिल्यापासून ती स्वतःच्या तालमीत जमिनीवरच्या खुणेबाबत काटेकोर झाली आहे.

सध्या ती एक श्राव्यनाटिका करते आहे. ध्वनिमुद्रण कपड्यांच्या कपाटात तोंड घालून चालते, कारण लोंबणारे कपडे आवाजाचे परावर्तन शोषून घेतात. करवंट्या आपटून घोड्याच्या टापा होतात, कॉर्नफ्लोअरची पुरचुंडी दाबली की बर्फावरची पावले ऐकू येतात. हा सगळा खटाटोप पाठांतराच्या आणि झोपेच्या वेळातून कापून घेतलेला आहे, हे तिच्या सकाळच्या जांभयांवरून शिक्षकांनाही समजते.

नाटिकेचा कच्चा मसुदा ऐकून बाईंनी दोन वाक्यांवर बोट ठेवले. दोन्हींत पात्र म्हणते की कोणीतरी घोड्यावरून येत आहे, आणि टापा तर श्रोत्याला ऐकू येतच आहेत. विद्यार्थिनीने पहिले वाक्य काढले आणि दुसरे ठेवले, कारण त्या दुसऱ्या वाक्यात बातमी नव्हती. खोलीतल्या माणसाला दाराकडे जाण्यापासून रोखण्यासाठी ते उच्चारलेले होते.