आचेविना बार : सोलापूरच्या घरात खजूर आणि सुकामेवा

(दृश्य : सकाळची वेळ. ओट्यावर ताटांत निवडायला घेतलेले बदाम, काजू, बेदाणे आणि खजूर.)

सोलापूरच्या स्वयंपाकघराला कुटण्याची सवय जुनी आहे. येथील शेंगा चटणी महाराष्ट्रभर जाते, आणि भाजलेले दाणे, लसूण, लाल तिखट, जिरे व मीठ एकत्र कुटताना दाण्यांतून जे तेल सुटते, त्यावरच तिची चव उभी असते. आज या घरात जो पदार्थ होणार आहे, त्यात मात्र तेल सुटू न देणे हेच खरे कसब आहे. गॅस न पेटवता, पाक न करता, साखर किंवा गूळ न घालता, केवळ खजुराच्या चिकटपणावर सुकामेवा बांधून त्याचे बार करायचे आहेत. कृती अर्ध्या तासाची असली, तरी ती साधेल की फसेल हे पाणी आणि तेल या दोनच गोष्टींवर अवलंबून असते, आणि म्हणून वेळेचा मोठा भाग निवडण्यात व पारखण्यात गेला तर तो सत्कारणी लागतो.

सुरुवात खजुरापासून. रमजानच्या महिन्यात विजापूर वेशीतल्या बाजारात खजुराचे अनेक प्रकार एका रांगेत पाहायला मिळतात; एरवी मधला मारुती आणि टिळक चौकाच्या परिसरातल्या किराणा दुकानांतही तो वर्षभर असतो. खोक्यातून येणारा काळा, ओलसर किमिया खजूर खायला उत्तम असतो. पण त्यात पाण्याचा अंश अधिक असल्यामुळे त्याचा बार मऊ राहतो आणि थंड जागेबाहेर आकार सोडतो. दाबून भरलेला साधा, तपकिरी खजूर या कामासाठी अधिक योग्य ठरतो, कारण तो पुरेसा चिकट असूनही हाताला ओला लागत नाही. खारीक बांधणीसाठी उपयोगी नाही. तिची पूड चवीपुरती घालता येते.

खजुरात वजनाच्या साधारण दोन तृतीयांश साखर असते. ही साखर उरलेल्या पाण्याला इतके घट्ट धरून ठेवते, की बुरशीला आणि जिवाणूंना वाढण्यासाठी ते पाणी सहजासहजी मिळत नाही. अन्नातील अशा मोकळ्या पाण्याचे मोजमाप करणारा अंक शून्य ते एक या पट्टीवर मांडला जातो, आणि तो 0.6 च्या खाली असला की कोणतीही बुरशी किंवा यीस्ट तेथे वाढू शकत नाही. कोरडा खजूर आणि सुकामेवा यांचे मिश्रण या सीमेच्या जवळपास असते. मिक्सर अडकला म्हणून त्यात दोन चमचे पाणी ओतले, की हे गणित बिघडते.

(दृश्य : सून मिक्सरचे भांडे हलवून पाहते, खजूर पात्याला चिकटून बसला आहे.)

नेमक्या याच क्षणी सासूबाई सुनेला थांबवतात. ‘पाणी नको गं घालूस, त्याला थोडं ऊन दाखव,’ असे त्या म्हणतात, आणि बिया काढलेला खजूर झाकणाच्या डब्यात भरून गच्चीवर ठेवायला सांगतात. सोलापूरचे ऊन चैत्र-वैशाखात चाळिशीच्या पुढे जाते. त्या उन्हात खजूर घटकाभरात मऊ पडतो, आणि पाण्याचा थेंबही न लावता सहज कुस्करला जातो. ज्यांच्याकडे ऊन नाही, त्यांनी खजूर सुरीने बारीक चिरून घ्यावा.

बदाम रात्रभर भिजवण्याची सवयही येथे आवरावी लागते. भिजवलेला बदाम पुष्कळ पाणी पितो, आणि वरून पुसून कोरडा दिसला तरी आतून ओलाच असतो. भिजवून सोललेलेच बदाम हवे असतील, तर ते तोडल्यावर कडक आवाज येईपर्यंत वाळवावेत. अन्यथा कोरडेच वापरावेत.

(दृश्य : पंढरपूर तालुका. जाळीच्या रॅकवर पसरलेली द्राक्षे, वर शेडनेटची सावली.)

बेदाण्यासाठी सोलापूरकराला लांब जावे लागत नाही. पंढरपूर तालुक्यातील कासेगावच्या परिसरात द्राक्षबागांबरोबर बेदाण्याची शेडही दिसतात. पक्व द्राक्षांचे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल, म्हणजे इथाइल ओलिएट, यांच्या द्रावणात बुडवले जातात. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो. हे द्रावण तो सैल करते आणि आतल्या पाण्याला बाहेर पडायला वाट मिळते. त्यानंतर घड सावलीत, वाऱ्यावर, साधारण दोन ते तीन आठवडे सुकतात, आणि सुमारे चार किलो द्राक्षांमागे एक किलो बेदाणा हाती येतो. येथील कोरडी हवा हे काम करते. दमट प्रदेशात ते इतक्या सहजी होत नाही. पिवळा-हिरवा रंग टिकवण्यासाठी बेदाण्याला गंधकाची धुरी दिली जाते. ज्यांना दम्याचा त्रास आहे, त्यांनी धुरी न दिलेला तपकिरी किंवा काळा बेदाणा घेणे हिताचे आहे. बारमध्ये रंगाला तसेही फार महत्त्व नाही.

सोलापूरच्या डाळिंबाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही याच शहरात, केगावला आहे. त्यामुळे बारमध्ये डाळिंब घालण्याचा मोह स्वाभाविक आहे. परंतु ताज्या दाण्यांत तीन चतुर्थांशाहून अधिक पाणी असते, म्हणून ते येथे चालत नाहीत. वाळवलेला आंबट अनारदाणा भरड करून एक चमचा घातला, तर खजुराच्या एकसुरी गोडीला छान धार येते. आमच्या मते हा या बारमधला सर्वांत सोलापुरी घटक आहे.

आता शेंगदाण्याविषयी. जिल्ह्यात इतका आवडीचा असूनही तो या बारमध्ये कच्चा घालू नये. एक तर त्याची चव कच्चट लागते; दुसरे अधिक गंभीर कारण असे, की ओल लागलेल्या दाण्यावर अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढू शकते आणि ती अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार करते. भाजल्याने ते कमी होते, पण पूर्णपणे नष्ट होत नाही. म्हणून सुरकुतलेला, काळपट, खवट किंवा बुरशीचा वास येणारा दाणा भाजण्याच्या आधीच बाजूला काढावा. शेंगदाणा हवाच असेल, तर तो निवडून, भाजून वापरावा, आणि मग त्या बारला कच्च्या मेव्याचा बार म्हणू नये.

असाच प्रामाणिकपणा काजूच्या बाबतीतही हवा. काजूच्या टरफलात त्वचा भाजून काढणारे तेल असते. त्यामुळे फोडण्यापूर्वी काजूबिया वाफवल्या किंवा भाजल्या जातात. दुकानातला पांढरा काजू कच्चा दिसला, तरी त्याला आच लागलेली असते. कच्चा आहार कटाक्षाने पाळणारे लोक साधारण 48 अंश सेल्सिअस ही मर्यादा मानतात. त्यांनी काजूऐवजी भोपळ्याच्या बिया घ्याव्यात. इतरांनी काजू निःशंकपणे वापरावा.

(दृश्य : वजनकाटा, त्यावर एकामागून एक वाट्या.)

आजचे प्रमाण असे आहे : बिया काढलेला खजूर 200 ग्रॅम, बदाम आणि काजू प्रत्येकी 75 ग्रॅम, बेदाणे 50 ग्रॅम, तीळ 25 ग्रॅम, वेलदोड्याची पूड आणि चिमूटभर मीठ. मिठाने गोडी उठून दिसते, म्हणून ते वगळू नये.

प्रथम बदाम-काजू मिक्सरमध्ये थांबूनथांबून, एकेका क्षणाचे फेरे देत भरडावेत. बदामात जवळजवळ निम्मे वजन तेलाचे असते. मिक्सर सलग फिरला, तर पाते तापते, तेल बाहेर येते आणि कुटाचा लगदा होतो. मग त्या तेलामुळे खजुराची पकड सुटते आणि बार बोटांत तुटतो. हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे राहिले की थांबावे. त्यानंतर खजूर आणि बेदाणे वेगळे फिरवून त्यांचा गोळा करावा, आणि भरड व तीळ त्यात हातानेच मळावेत. मूठ दाबल्यावर गोळा एकसंध राहिला आणि तळहात तेलकट झाला नाही, तर मिश्रण जमले.

बटर पेपर लावलेल्या 16 सेंटिमीटर चौकोनी डब्यात हे मिश्रण वाटीच्या बुडाने जोर लावून दाबावे, तासभर फ्रिजमध्ये ठेवावे आणि धारदार सुरीने बारा बार कापावेत. एका बारमध्ये सुमारे 140 कॅलरी आणि 13 ते 14 ग्रॅम साखर असते. साखर वरून घातलेली नसली, तरी खजुराची साखर ही साखरच आहे, आणि मधुमेह असलेल्या व्यक्तीने ती आपल्या हिशेबात धरायलाच हवी. अगदी लहान मुलांसाठी मेवा बारीक करावा, म्हणजे तुकडा घशात अडकण्याची भीती कमी होते.

सोलापूरच्या ज्या हवेने बेदाणा सुकवला, तीच हवा उन्हाळ्यात तयार बारमधल्या तेलाला मात्र बाधते. उष्णता आणि हवा यांमुळे मेव्यातील तेल खवट होते. अक्रोड घातला असेल तर हे आणखी लवकर घडते. प्रत्येक बार बटर पेपरमध्ये गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये ठेवल्यास तो तीन आठवडे चांगला राहतो, आणि फ्रीजरमध्ये तीन महिने. शाळेच्या डब्यातून किंवा एसटीच्या प्रवासात नेलेला बार त्याच दिवशी संपवावा. खाण्यापूर्वी वास घ्यावा. जुन्या तेलाचा वास आला, तर तो टाकून द्यावा.