२४ दिवसांची उमेदवारी

[दृश्य : व्हाईट हाऊस, सकाळ]

३ ऑक्टोबर २००५, सोमवार. वॉशिंग्टनमध्ये नुकतेच आठ वाजलेत. ऑक्टोबरचा पहिला सोमवार म्हणजे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचं नवं सत्र सुरू होण्याचा दिवस. थोड्याच वेळात जॉन रॉबर्ट्स सरन्यायाधीश म्हणून पहिल्यांदा खुर्चीत बसतील. त्याआधी ओव्हल ऑफिसमध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश कॅमेऱ्यांसमोर येतात. शेजारी साठ वर्षांची एक नीटनेटकी बाई उभी आहे.

हॅरिएट मायर्स. राष्ट्राध्यक्षांच्या कायदा सल्लागार. निवृत्त होत असलेल्या न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांच्या जागी बुश यांनी त्यांचं नाव जाहीर केलं.

गंमत अशी, की या जागेसाठी लायक माणसं शोधायचं काम मायर्सबाईंच्याच कार्यालयाकडे होतं. वधूसंशोधनाला पाठवलेल्या मावशीलाच बोहल्यावर उभं करावं, तसा प्रकार. बुश यांच्या घरात हे पहिल्यांदा घडत नव्हतं म्हणा. २००० साली उपराष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार शोधायला त्यांनी डिक चेनी यांना सांगितलं होतं, आणि शेवटी चेनीच उपराष्ट्राध्यक्ष झाले.

डेमोक्रॅट विरोध करणार, ही तयारी व्हाईट हाऊसने ठेवलीच असणार. पण पहिला दगड आला तो घरातूनच.

[दृश्य : रेडिओ स्टुडिओ, माइक, लुकलुकणारे फोनचे दिवे]

विल्यम क्रिस्टल हे रिपब्लिकन वर्तुळातलं वजनदार नाव. त्यांनी त्याच दिवशी लिहिलं : मी निराश आहे, खिन्न आहे, खचलो आहे. रश लिंबॉ यांच्या रेडिओ कार्यक्रमाला तेव्हा देशभर लाखो श्रोते होते. ट्रक चालवताना, दुकानाच्या गल्ल्यावर बसून तासन्‌तास ऐकणारे. हेच बुश यांचे हक्काचे मतदार. त्यांची समजूत काढायला खुद्द उपराष्ट्राध्यक्ष चेनी यांनी त्या कार्यक्रमात फोन लावला. सांगणं एवढंच : विश्वास ठेवा.

नेमका हाच शब्द चुकला. का चुकला, ते कळायला पंधरा वर्षं मागे जावं लागेल.

[दृश्य : न्यू हॅम्पशायर, जुनं लाकडी घर, झाडी]

१९९०. राष्ट्राध्यक्ष थोरले बुश. सर्वोच्च न्यायालयात जागा रिकामी झाली आणि त्यांनी न्यू हॅम्पशायरच्या डेव्हिड सूटर यांना निवडलं. अविवाहित, अबोल, पुस्तकांत रमलेला माणूस. वादग्रस्त विषयांवर त्यांनी फारसं काही लिहिलंच नव्हतं, आणि त्या वेळी तीच त्यांची जमेची बाजू ठरली. तीन वर्षांपूर्वी रॉबर्ट बॉर्क यांचं नाव सिनेटने ४२ विरुद्ध ५८ मतांनी फेटाळलं होतं. बॉर्क यांनी आयुष्यभर सगळं स्पष्ट लिहून ठेवलं होतं, तेच त्यांना नडलं. मग कोऱ्या पाटीचा माणूस बरा, असं ठरलं. व्हाईट हाऊसचे चीफ ऑफ स्टाफ जॉन सुनुनू यांनी परंपरावाद्यांना ग्वाही दिली की सूटर म्हणजे होम रन. आपल्या भाषेत षटकार. सिनेटनेही ९० विरुद्ध ९ मतांनी मान्यता दिली.

दोन वर्षांनी, १९९२ मध्ये, गर्भपाताच्या हक्काचा खटला न्यायालयापुढे आला. १९७३ च्या 'रो विरुद्ध वेड' निकालाने हा हक्क दिला होता आणि तो उलटवायचा, हे अमेरिकेतल्या चर्चला जाणाऱ्या उजव्या मतदाराचं कित्येक वर्षांचं ध्येय होतं. दर जानेवारीत कडाक्याच्या थंडीत हजारो माणसं राजधानीत मोर्चा काढायची. मत द्यायचं, पैसे द्यायचे, आपला राष्ट्राध्यक्ष आणायचा, तो आपले न्यायाधीश नेमेल. हिशोब इतका सरळ.

निकाल ५ विरुद्ध ४ असा लागला. 'रो'चा गाभा टिकला. तो टिकवणारे पाचही न्यायमूर्ती रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले होते, आणि सूटर त्यातले एक. डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्षाने नेमलेले एकच न्यायमूर्ती तेव्हा पीठावर होते, बायरन व्हाइट. ते विरोधात गेले.

हा आकडा त्या मतदाराच्या मनातून कधीच गेला नाही. गंडवले गेलो, ही भावना तिथली. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश ६५ व्या वर्षी निवृत्त होतात आणि त्यांची नावं न्यायाधीशांचंच कॉलेजियम सुचवतं, त्यामुळे ही तगमग आपल्याला चटकन कळत नाही. अमेरिकेत नाव राष्ट्राध्यक्ष सुचवतो, सिनेट मान्यता देते आणि न्यायमूर्ती हयातभर बसू शकतात. राष्ट्राध्यक्ष चुकला तर चार वर्षांनी बदलता येतो. न्यायमूर्ती चुकला, तर नातवंडं मोठी होईपर्यंत तोच. 'पुन्हा सूटर नको', ही घोषणा त्यातून आली.

[दृश्य : पुन्हा २००५, व्हाईट हाऊसची हिरवळ]

आता थोरल्या बुश यांचे चिरंजीव सत्तेवर होते. प्रचारात त्यांनी स्कालिया आणि थॉमस या दोन कट्टर परंपरावादी न्यायमूर्तींचं कौतुक केलं होतं. मतदारांनी ते आश्वासन समजून गाठीला बांधलं. २००४ ची निवडणूक जिंकली. सिनेटमध्ये १०० पैकी ५५ रिपब्लिकन. आता अडचण कसली? मायकेल लुटिग होते, मायकेल मॅकोनेल होते. बाईच हवी असेल तर प्रिसिला ओवेन होत्या, जॅनिस रॉजर्स ब्राउन होत्या, एडिथ जोन्स होत्या. सगळ्यांच्या निकालपत्रांचे गठ्ठे होते. कुठल्या प्रश्नावर कोण काय म्हणालं, ते दाखवता येत होतं.

मायर्सबाई कधीच न्यायाधीश नव्हत्या. कर्तृत्व नव्हतं असं मुळीच नाही. डॅलसमधल्या वकील, डॅलस बार असोसिएशनच्या आणि नंतर टेक्सासच्या स्टेट बारच्या पहिल्या महिला अध्यक्ष, डॅलसच्या नगरपरिषदेवर एक कार्यकाळ, मग टेक्सासच्या लॉटरी आयोगाच्या प्रमुख. सत्तरच्या दशकात वकिलीत शिरलेल्या बाईने हे मिळवलं, ही साधी गोष्ट नाही. पण राज्यघटनेबद्दल त्यांचं मत काय, हे सांगणारा कागद कुठेच नव्हता.

४ ऑक्टोबरला पत्रकारांनी घेरलं तेव्हा बुश यांनी सांगितलं, मी या बाईंचं मन ओळखतो. वीस वर्षांनीही त्या आजच्यासारख्याच असतील, बदलणार नाहीत.

सूटरचं नाव न घेता दिलेलं हे सूटरचं उत्तर होतं. पण हमी देणारे कोण? बुश. आणि सूटरची हमी कोणी दिली होती? बुश यांनीच, थोरल्या. 'नवा कर लावणार नाही' असं १९८८ साली सांगून दोन वर्षांत शब्द फिरवणारेही तेच. त्यात ऑगस्टच्या अखेरीस कतरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडालं होतं. आपत्ती व्यवस्थापनाच्या प्रमुखपदी अनुभव नसलेला माणूस बसवल्याचं उघडं पडलं होतं आणि त्याची पाठ बुश यांनी कॅमेऱ्यासमोर थोपटली होती. ओळखीतल्या माणसाची वर्णी लावायची, हा आरोप ताजाच होता.

[दृश्य : पुठ्ठ्याची खोकी, हाताने लिहिलेली कार्डं]

त्याच आठवड्यांत टेक्सासच्या सरकारी दप्तरातून जुनी पत्रं बाहेर आली. बुश गव्हर्नर असतानाची. मायर्सबाईंनी वाढदिवसाच्या शुभेच्छांत लिहिलं होतं, की तुम्ही आजवरचे सर्वोत्तम गव्हर्नर आहात, मोठ्या आदराला पात्र आहात. एका चिठ्ठीत आशा होती, की आपले आईवडील किती 'कूल' आहेत हे तुमच्या मुलींना कळत असेल.

ही कार्डं घरगुती होती, आपुलकीने लिहिलेली. कुठल्याही ऑफिसातल्या साहेबाच्या कपाटात अशी दोन-चार सापडतील. पण सर्वोच्च न्यायालयाच्या उमेदवाराचं म्हणून जे हस्ताक्षर लोकांनी पाहिलं, ते हेच. टवाळी झाली आणि ती क्रूर होती.

मनं वळवण्याचे प्रयत्न सुरू झाले. धार्मिक उजव्यांचे मोठे नेते जेम्स डॉबसन यांच्याशी बुश यांचे राजकीय सल्लागार कार्ल रोव्ह बोलले. डॉबसन यांनी रेडिओवर पाठिंबा दिला आणि वर सूचक बोलले, की मला कळलेल्या काही गोष्टी बहुधा मला कळायलाच नको होत्या. लगेच सिनेटर्सचे कान टवकारले : कोणी, काय सांगितलं? बुश म्हणाले, धर्म हा मायर्स यांच्या आयुष्याचा भाग आहे. दोनच महिन्यांपूर्वी रॉबर्ट्स यांच्या वेळी हेच लोक सांगत होते, की उमेदवाराचा धर्म विचारायचा नसतो. पहिल्या महिला लॉरा बुश यांना विचारलं गेलं, की या टीकेमागे बाईपणाचा आकस असेल का. त्या म्हणाल्या, शक्य आहे. हे उजव्यांना जास्तच झोंबलं. ओवेन आणि ब्राउन यांच्या नेमणुकांसाठी त्याच वर्षी भांडलेली हीच तर माणसं होती.

तरी माझं मत विचाराल, तर त्या कुजबुजीत थोडं तथ्य होतं. मायर्सबाई हार्वर्ड-येलच्या नव्हत्या, डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठातून शिकलेल्या. वॉशिंग्टनच्या काही स्तंभलेखकांच्या सुरात तो तोरा ऐकू येत होता.

[दृश्य : सिनेटची समिती खोली, रिकाम्या खुर्च्या]

मात्र पुढचं ज्यामुळे बिघडलं, त्याला आकस म्हणता येत नाही. सिनेटच्या न्यायविषयक समितीने प्रश्नावली पाठवली होती. मायर्स यांची उत्तरं आली. अध्यक्ष आर्लेन स्पेक्टर रिपब्लिकन, पॅट्रिक लेही डेमोक्रॅट. दोघांनी मिळून कागद परत पाठवले : उत्तरं अपुरी आहेत, पुन्हा लिहा. लेही तर म्हणाले, की सहकाऱ्यांचे शेरे 'अपूर्ण'पासून 'अपमानास्पद'पर्यंत आहेत. समान संरक्षणाच्या घटनात्मक तत्त्वाबद्दलचं एक वाक्य असं होतं, की कायद्याच्या प्राध्यापकांनी कपाळाला हात लावला. वर्गणी भरायची राहिल्याने वॉशिंग्टनमधली सनद काही काळ निलंबित होती, हेही पुढे आलं. स्पेक्टर भेटून बाहेर आले आणि म्हणाले, गोपनीयतेच्या एका जुन्या निकालाशी त्या सहमत आहेत. संध्याकाळी निरोप आला, तुमचा गैरसमज झाला.

उजवा मतदार हे सगळं पाहत होता आणि त्याला कळत नव्हतं की हसावं की रडावं. खरं तर त्याला हवा असलेला कागद सापडलाही होता. १९८९ साली नगरपरिषदेला उभ्या असताना मायर्स यांनी गर्भपातविरोधी संघटनेची एक प्रश्नावली भरली होती, आणि आईचा जीव वाचवण्याचा अपवाद सोडून गर्भपातावर बंदी घालणाऱ्या घटनादुरुस्तीला पाठिंबा दिला होता. इतका पुरावा सूटर यांच्याबाबत कधीच नव्हता. पण मागोमाग १९९३ चं एक भाषण निघालं. त्यात त्या याच विषयावर स्वयंनिर्णयाबद्दल बोलल्या होत्या. संपलं. चार वर्षांत बदलली, तर वीस वर्षांची हमी कसली?

हे आलं २६ ऑक्टोबरला. २७ च्या सकाळी माघार जाहीर झाली. कारण दिलं ते असं, की सिनेट व्हाईट हाऊसचे अंतर्गत कागद मागत आहे आणि ते देता येणार नाहीत. हीच पळवाट चार्ल्स क्राउथॅमर या उजव्या स्तंभलेखकाने आठवडाभर आधी छापून सुचवली होती. इतका उघड सल्ला इतक्या लवकर मानला गेल्याचं उदाहरण विरळाच.

[दृश्य : २०१६, प्रचारसभा, टाळ्या]

त्या महिन्यात एक सवय लागली. तोंडी हमीवर न्यायाधीश घ्यायचा नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये स्कालिया वारले, तेव्हा रिपब्लिकन उमेदवारीच्या शर्यतीत पुढे होता न्यूयॉर्कचा एक बिल्डर, ज्याने पूर्वी स्वतःला गर्भपाताच्या हक्काचा समर्थक म्हटलं होतं. त्याच्या शब्दावर हे मतदार कसा भरवसा ठेवणार? म्हणून मे महिन्यात डोनाल्ड ट्रम्प यांनी ११ नावांची यादीच छापून दिली. सप्टेंबरमध्ये आणखी नावं. आधी यादी, मग मत. त्या याद्यांत नाव असलेले नील गोर्सच न्यायालयात गेले, आणि २०२० मध्ये समलैंगिक व ट्रान्सजेंडर कर्मचाऱ्यांना संरक्षण देणारा निकाल त्यांनीच लिहिला. तेव्हाही चर्चच्या बाकांवर तोच जुना सुस्कारा ऐकू आला. यादीनेही सगळं भागत नाही.

पण २४ जून २०२२ ला 'रो' उलटलं. निकालपत्र लिहिलं सॅम्युअल अलिटो यांनी. मायर्स यांच्या माघारीनंतर चारच दिवसांनी बुश यांनी जाहीर केलेलं नाव ते हेच. पंधरा वर्षं अपील न्यायालयात काढलेली, शेकडो निकालपत्रं, सगळं वाचायला उपलब्ध.

[दृश्य : ३१ ऑक्टोबर २००५, व्हाईट हाऊस]

पुन्हा सोमवार, पुन्हा सकाळ. बुश माइकसमोर, शेजारी अलिटो. आता त्यांना सिनेटर्सकडे न्यायचं, प्रश्नावली भरून घ्यायची, जुने निकाल चाळून ठेवायचे. हे काम राष्ट्राध्यक्षांच्या कायदा सल्लागार कार्यालयाचं. त्या कार्यालयाच्या प्रमुख माघारीनंतर आपल्या टेबलावर परत आल्या होत्या, आणि पुढे २००७ च्या जानेवारीपर्यंत तिथेच राहिल्या. हॅरिएट मायर्स.