तुम्हाला काही विचारायचंय?

(दृश्य: ठाणे स्टेशन, नऊ आणि दहा नंबरचा फलाट. सकाळची गर्दी. वाशीची गाडी लागते.)

२००४ साली ठाणे-वाशी ही लाइन प्रवाशांसाठी सुरू झाली आणि नवी मुंबईतला दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंतचा कारखान्यांचा नि ऑफिसांचा पट्टा कळवा, दिवा, डोंबिवलीच्या पोरांच्या आवाक्यात आला. आजही या गर्दीत मुलाखतीला निघालेला मुलगा लांबून ओळखू येतो. पाठीला सॅक असूनही फाइल हातातच. शर्ट चुरगळू नये म्हणून दारापासून लांब, आत कुठेतरी अंग चोरून उभा.

(दृश्य: ऐरोली स्टेशन. डबा रिकामा होतो. समोर काचेच्या इमारती.)

स्वतःबद्दल काय सांगायचं, हे त्याने पाठ केलंय. पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता, याचंही उत्तर तयार आहे. ते सगळं नीट पार पडतं. मग समोरचा माणूस फाइल मिटतो आणि विचारतो, “तुम्हाला काही विचारायचंय?”

मुलगा म्हणतो, “नो सर. थँक यू सर.”

(दृश्य: महापे, संध्याकाळ. ऑफिसांत दिवे लागलेत.)

मीही हेच म्हणालो होतो, इथेच महाप्यात. पहिल्या दिवशी हातात पडलेल्या अपॉइंटमेंट लेटरवर भलत्याच कंपनीचं नाव होतं. मी काम करणार होतो या ऑफिसात, पण माणूस होतो माणसं पुरवणाऱ्या ठेकेदाराचा. शिफ्ट संध्याकाळी सहा ते पहाटे तीन. तीनला सुटायचो आणि पहिली गाडी सुरू होईपर्यंत इमारतीच्या पायऱ्यांवर बसून राहायचो. माझ्याशी कुणी खोटं बोललं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

(दृश्य: रबाळे एमआयडीसी. जुन्या कारखान्याचं गंजलेलं गेट.)

माझे बाबा या पट्ट्यातल्या एका कारखान्यात होते. गेटवर बारा महिने ‘नो व्हेकन्सी’ची पाटी असायची आणि आत जायला कुणाची तरी ओळख लागायची. मुलाखतीच्या आदल्या रात्री बाबा मला म्हणाले होते, “साहेब विचारतील तेवढंच बोल. उलट काही विचारू नकोस.”

बाबांचं चुकलं, असं मी म्हणणार नाही. त्यांना विचारावं लागतच नव्हतं, त्यांच्या वतीने युनियन विचारायची. बोनस किती, ओव्हरटाइमचा हिशेब कसा, रात्रपाळी कुणाला, कॅन्टीनच्या चहाचा दर का वाढला, सगळं. याच ठाणे-बेलापूर रोडवर काचेच्या इमारती आल्या आणि तिथे बहुतेक ठिकाणी युनियन नाही. बाबांसाठी चार माणसं टेबलापलीकडे बसून जे विचारायची, ते आता बावीस वर्षांच्या पोराला एकट्याने विचारायचंय. तेही मुलाखतीच्या शेवटच्या पाच मिनिटांत.

(दृश्य: चहाच्या टपरीवर उभी मुलं-मुली. एकीच्या हातात छोटी डायरी.)

मला विचाराल, तर एकच प्रश्न निवडायचा झाला तरी हा निवडा: “ही जागा नवीन आहे, की आधी कुणी होतं?”

आधी कुणी असेल, तर ते आता कुठे आहे? बढती मिळून वर गेलं असेल, तर इथे वर जायला वाट आहे. कंपनी सोडून गेलं असेल, तर किती महिन्यांत? त्याच्या आधीचा माणूस किती टिकला? जागा नवीन असेल, तर आजवर हे काम कोण करत होतं, आणि मी आल्यावर त्याच्याकडे काय उरणार? हे विचारताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघा. सरळ उत्तर पटकन येतं. “तसं काही नाही, लोक येत-जात असतात,” असं आलं, तर ते डायरीत तसंच्या तसं लिहून ठेवा.

हा प्रश्न एचआरला, म्हणजे भरतीचं काम बघणाऱ्या विभागाला, विचारून फारसा उपयोग नाही. ज्याच्या हाताखाली काम करायचंय, त्याला विचारा. पहिल्या तीन महिन्यांत माझ्याकडून नेमकं काय झालेलं हवंय, हेही त्यालाच. टीममध्ये मागच्या वेळी काम बिघडलं तेव्हा काय केलंत, हेही त्यालाच. त्याने चुकलेल्या पोराचं नाव घेऊन हसत किस्सा सांगितला, तर उद्या तुमचाही किस्सा होणार.

(दृश्य: कागदावर पेनने मांडलेला हिशेब.)

पैशाचं मात्र एचआरला विचारायचं, आणि लाजायचं नाही. वर्षाला ३ लाख ६० हजारांचं पॅकेज. घरी आई शेजारच्या काकूंना सांगते, पोराला तीस हजार पगार लागला. आता मांडून बघू. समजा, मूळ पगार १५ हजार. कंपनी भरते तो मूळ पगाराच्या १२ टक्के पीएफ (भविष्य निर्वाह निधी), म्हणजे १,८०० रुपये, या तीस हजारांतच धरलेला असतो. नोकरी सोडताना मिळणाऱ्या ग्रॅच्युइटीचे ४.८१ टक्के, म्हणजे साधारण ७२० रुपये, तेही त्यातच. पॅकेजमधले दहा टक्के कामगिरीवर अवलंबून असतील, तर आणखी ३ हजार गेले. मग तुमच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० रुपये. महाराष्ट्रात २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना हा कर माफ आहे. हातात येतात साडेबावीस हजारांच्या आसपास.

यात फसवणूक नाही. पीएफ तुमचाच आहे. पण घरभाडं आणि पास काढायचाय तो या साडेबावीस हजारांतून. म्हणून आकडा ऐकल्यावर लगेच विचारा, “दर महिन्याला खात्यात किती जमा होतील?” आणि कामगिरीवरची रक्कम मागच्या वर्षी लोकांना खरोखर किती मिळाली, हेही.

(दृश्य: रात्र. ऐरोलीतल्या ऑफिसबाहेर उभ्या गाड्या.)

शिफ्ट कोणती, बदलते का, किती दिवस आधी कळते? मुलींनी रात्रीच्या गाडीचं जरूर विचारावं. रात्री साडेनऊ ते सकाळी सातच्या दरम्यान महिलांना कामावर ठेवायचं, तर त्यांची संमती लागते आणि घराच्या दारापर्यंत सोडायची सोय करावी लागते, असं महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा सांगतो. तेव्हा ही सोय मागताना कुणाच्या उपकाराखाली असल्यासारखं बोलू नका.

अपॉइंटमेंट लेटर कुणाच्या नावाचं, नोटीस पिरियड किती, बॉण्ड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार, आहे का, हे सही करण्याआधी विचारायचं. मूळ मार्कशीट जमा करून घेणार असतील, तर झेरॉक्स द्या आणि मूळ परत घरी आणा.

आणि इंग्रजीची धास्ती? दोन-तीन प्रश्न आदल्या रात्री डायरीत लिहा आणि तिथे उघडून वाचा. वाचून विचारल्याने कुणी कमी लेखत नाही. समोरचा मराठी असेल, आणि या पट्ट्यात तो बऱ्याचदा असतो, तर मराठीत विचारा.

(दृश्य: रबाळे स्टेशनचा फलाट. एक मुलगी फोनवर बोलते आहे. आवाज ऐकू येत नाही.)

मध्यंतरी माझ्या मावसबहिणीचा याच फलाटावरून फोन आला. “दादा, विचारलं मी. माझ्या आधीची मुलगी सहा महिन्यांत सोडून गेली म्हणाले.”

“का गेली?”

“काम तिघांचं होतं आणि माणूस एकच होता. सर थोडा वेळ गप्प बसले, मग स्वतःच म्हणाले, आमची चूक झाली, आता आम्ही दोघांना घेतोय.”

“मग?”

“मग मी विचारलं, दुसरी व्यक्ती कधी येणार? तर म्हणाले, पुढच्या सोमवारी.” मागून गाडीची घोषणा सुरू झाली, तिने आवाज चढवला. “मी पण सोमवारच सांगून आलेय. आईला तू सांगू नकोस हं, मी घरी जाऊन सांगते.”

(दृश्य: गाडी ठाण्याकडे निघते.)